बांधणाऱ्याचा वाटा

"हळू घे जरा," ओझित म्हणाली. "समुद्र काही पळून जात नाही."

ब्लेझनं मान वर केली नाही. कमरेइतक्या चिखलात उभा राहून तो विटा कापत होता. अरुंद पात्याचं फावडं एकदा उभं, एकदा आडवं चाललं, की गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेली चिखलाची चौकोनी वीट सुटून यायची. वरचा माणूस ती झेलून बांधावर नेऊन बसवायचा. ओझितनं नवऱ्यासाठी आणलेलं वाटाण्याचं कढण किटलीत तसंच निवत पडलं होतं.

"वहिनीला म्हणायचंय," वरून सिल्वां बोलला, "की बांध पुरा झाला की आपणही पुरे झालो. मी महिनाभर हेच घोकतोय. पण माझं कोण ऐकतंय? मी पडलो चुलतभाऊ. निदान बायकोचं तरी ऐक."

"तू वीट झेल."

"झेलतोय ना. आयुष्यभर दुसरं काय केलं? आधी स्वतःच्या शेतासाठी झेलल्या, आता त्या इंग्रज एलकानासाठी झेलतोय. उद्या सैतानानं बोलावलं, तर त्याच्याही बांधावर तूच मला घेऊन जाशील आणि म्हणशील, सिल्वां, कोपरा नीट बसव."

बाकीचे हसले. हसायला लागायचंच काहीतरी. ओझित मात्र हसली नाही. ती ओहोळाच्या तोंडाकडे पाहत होती. तिथं बांधाला अजून खांड होती. तीन वर्षांमागच्या वादळानं पाडलेल्या सगळ्या खांडी एकेक करून बुजल्या होत्या, ही शेवटची राहिली होती. तिच्यातून खाडीचं लाल पाणी दिवसातून दोन वेळा आत येत होतं, दोन वेळा बाहेर जात होतं, आणि ते तसं येत-जात होतं तोवर इंग्रजांना अकादी माणसांची, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांची, गरज होती.

बांध त्यांचाच होता. ब्लेझच्या आज्यानं, आज्याच्या भावांनी, ओझितच्या माहेरच्यांनी मिळून समुद्राच्या तोंडातून ही जमीन काढली होती. मग सात वर्षांपूर्वी, सुगी नुकती घरात येऊन पडली होती तेव्हा, इंग्रजांनी सगळ्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, दारं लावून घेतली आणि वाचून दाखवलं की जमीन, घरं, गुरं सगळं राजाचं झालं, तुम्ही जहाजात बसा. कुठल्या राजाचं? ज्याच्या नावानं बंदूक उचलायची शपथ आमचे लोक घेत नव्हते, त्या राजाचं. शपथेचं ते भांडण इतकं जुनं होतं की आमच्या लोकांना त्याचं काही वाटेनासंच झालं होतं. आमच्यांची ही खोडच आहे. संकट रोजचं झालं की त्याच्याशी शेजारधर्म पाळायला लागतात.

ब्लेझ-ओझितची लेक तेओतिस्त त्या आठवड्यात नदीपलीकडे आत्याकडे गेली होती, सफरचंदं उतरवायला. नऊ वर्षांची पोर. समोरचे दोन दात एकदम पडलेले, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजायची. आत्याच्या घरादाराबरोबर तिलाही जहाजावर चढवलं. ब्लेझ चर्चच्या दिवशी दूरच्या बांधावर होता, म्हणून इंग्रजांच्या हाती लागला नव्हता. ब्लेझ आणि ओझित धावत नदीपर्यंत पोचले तेव्हा शिडं वर गेली होती आणि मागे त्यांचं स्वतःचं घर जळत होतं. ते रानात शिरले. तिथल्या मिकमाक आदिवासींनी आसरा दिला, जे होतं त्यातलं दिलं, पण चार हिवाळ्यांनी त्यांचीही शिकार संपवली. शेवटी पोटानं हरवलं. दोघं हात वर करून इंग्रजांच्या किल्ल्यावर गेली आणि कैदी झाली.

तोवर कनेक्टिकटहून शेतकरी जहाजं भरून आले होते. फुकटात जमीन मिळाली म्हणून आले, आणि पाहतात तो जमिनीत समुद्र! ते डोंगरातले लोक, चांगले कष्टाळू, पण त्यांच्याकडे खाडी अशी घरात घुसत नाही. मग किल्ल्यावरून कैदी पाठवायचं ठरलं. कैद्यांना पाव, खारवलेलं डुकराचं मांस आणि बांधाशेजारी झोपड्या टाकून राहायची मुभा. आपल्याच शेताच्या कडेला झोपडी. लाज वाटायला हवी होती कुणाला तरी, पण ती कुणाच्याच वाट्याला आली नाही.

ओझितला मात्र ही मुभा राजवाड्यासारखी वाटली. कारण अधूनमधून बातम्या येत. अमका कुणी कॅरोलायनातून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत परत आला. तमक्या बाईनं मोडकी होडी घेतली आणि दोन उन्हाळे घालवून गाव गाठलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण तेओतिस्त आली तर येणार कुठं? तिला ठाऊक काय होतं? हा ओहोळ, ही खाडी, आणि बांधावरून घरी येणारी पायवाट. घर नव्हतं. त्याच्या जळक्या पायावर एलकानानं आपलं घर उभं केलं होतं, तळघर आयतंच मिळालं त्याला. तेव्हा पोर येईल त्या दिवशी तिथं निदान आई तरी असायला हवी. ओझितला जगाकडून एवढंच हवं होतं, त्या ओहोळाच्या तोंडाशी राहायला जागा.

म्हणून ती रोज म्हणायची, हळू घे.

एका संध्याकाळी झोपडीबाहेर बसून तिनं विषय शेवटाला न्यायचं ठरवलं. सिल्वांही होता. तो कधी नसायचा?

"पुढच्या उधाणाला तोंड बुजवायचं म्हणतोस," ती म्हणाली.

"बुजवायलाच हवं. पाणी बाहेर सोडायच्या उघाडीचा ओंडका पोखरून झालाय. फळी बसवली. आता थांबायला कारण काय?"

"कारण मी आहे. तुझी लेक आहे. तोंड बुजलं की आपल्याला इथून हाकलतील."

"हाकलणार नाहीत."

"कशावरून?"

ब्लेझनं पाइप दातातून काढला. तो कमी बोलणारा माणूस. पण बांधाचा विषय निघाला की त्याला शब्द सापडायचे. "ओहोळ बुजवणाऱ्याला आतल्या जमिनीत वाटा मिळतो. कधी न मिळाल्याचं ऐकलंयस तू? माझ्या आज्याला मिळाला. तुझा बाप पोर्ट रॉयलहून आला, त्याला इथं कुणी ओळखत नव्हतं, तरी एक उन्हाळा चिखलात उभा राहिला म्हणून त्याला मिळाला. ज्याचा हात चिखलात, त्याची काडी टोपीत."

हे खरं होतं. आमच्यात बांध एकट्याचा कधी नसायचा. सगळ्यांनी मिळून ओहोळ बुजवायचा, जमिनीच्या पट्ट्या पाडायच्या, खुणांच्या काड्या टोपीत घालून वाटून घ्यायच्या आणि दोन-तीन पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं की पेरायचं. तिथं गरीब-श्रीमंत बघत नसत, नातं बघत नसत. भांडखोर माणूस असला तरी त्याची काडी टोपीत असायची. पंचांना ती नाकारायचा अधिकारच नव्हता. समुद्रानं ज्याला पाहिलंय, त्याला माणसांनी ओळख विचारायची नाही, असं म्हातारे म्हणत.

"अरे, पण ते आपल्यात!" सिल्वां म्हणाला. "यांना काय त्याचं?"

"समुद्र सगळ्यांना सारखाच आहे. जो इथं शेती करेल तो हे शिकेलच. आणि एलकाना शिकतोय. परवा त्यानं मला विचारलं, तुमच्यात पट्ट्या कशा पाडत? मी काठीनं वाळूत काढून दाखवलं. मग तो म्हणाला, आम्हीही टोपीतच चिठ्ठ्या घालतो."

"असं म्हणाला?"

"तूच तर सांगितलंस मला, काय म्हणतोय ते."

सिल्वांला इंग्रजी यायचं. एके काळी तो चोरून बॉस्टनवाल्यांना गुरं विकायचा. त्याला आठवलं, आणि तो बुटाचा चिखल खरवडायला लागला.

ओझित विचारात पडली. तिला आपल्या लग्नानंतरचा तो दिवस आठवला. नव्या सुनेनं काडी काढायची, अशी रीत. तिनं डोळे मिटून टोपीत हात घातला होता आणि सासऱ्यानं ओरडून सांगितलं होतं, ओढ्याकाठची पट्टी आली, पोरीचा हात गुणाचा! टोपी म्हटल्यावर तिच्याही मनातली भीती जरा खाली बसली. तीही शेवटी आमच्यातलीच. यांच्यातही टोपी आहे, म्हणजे यांच्यातही न्याय आहे, असं तिनं धरलं. माणूस आपल्या घरची रीत जगाची रीत समजतो आणि तिथंच बुडतो.

"पट्टी मिळाली तर ओहोळाकडचीच माग," ती शेवटी म्हणाली.

"मागून मिळत नाही, वेडे. हातात येईल ती."

"मग मी काढीन."

ब्लेझ हसला. फार दिवसांनी.

ओहोळाचं तोंड ओहोटीच्या एका खेपेतच बुजवावं लागतं. पाणी खाली गेलं की उतरायचं, आणि ते फिरून यायच्या आत त्याच्यापेक्षा उंच होऊन बसायचं. अर्धं काम म्हणजे काहीच काम नाही. त्या दिवशी सगळे होते. कैदी, एलकाना, त्याचे शेजारी, बैल. बायका काठावर. एलकानाची बायको मेहिटेबल मोठ्या टोपलीत पाव घेऊन उभी होती आणि नेहमीप्रमाणे ओझितच्या नजरेला नजर देत नव्हती. ज्या बाईच्या तळघरात आपण कोबी साठवतो तिच्याकडे बघायचं कसं, हे त्या बिचारीला समजत नसावं.

ओंडका तळाशी बसला. त्यात टांगलेली फळी ब्लेझनं हातानं हलवून पाहिली, बाहेरच्या बाजूला सहज उघडत होती, आतल्या बाजूला पक्की टेकत होती. ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून निघून जाणार, भरतीला समुद्र स्वतःच तिला दाबून धरणार. मग दोन्ही बाजूंनी फांद्या, खुंट, आणि वर विटा. विटांवर विटा.

आणि पाणी फिरलं. दूरवर खाडीत लाल रेघ दिसली. भिंत अजून छातीइतकीच होती.

दोन बैल रुतले. एलकानाचा एक शेजारी पाय मुरगळून बसला. विटा वाहायला माणसं पुरेनात. सिल्वांनं हातातली वीट खाली ठेवली आणि हळूच, आपल्या भाषेत म्हणाला, "ब्लेझ, थांबू या. आत्ता थांबलं तर दोष कुणाचाच नाही. समुद्र आहे, आला. वाहून जाऊ दे. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपण इथंच."

इंग्रजांना काही कळलं नाही. एलकाना चिखलानं माखलेला, धापा टाकत, नुसता ब्लेझकडे पाहत होता. आणि ब्लेझनं वर, काठावर, बायकोकडे पाहिलं. तो विचारत होता. इतकी वर्षं संसार झाला, त्या माणसानं बांधाच्या कामात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

ओझितनं आता नुसतं उभं राहायचं होतं. बस्स. मान हलवायचीही गरज नव्हती.

तिनं झगा वर खोचला, लाकडी बूट काढून फेकले आणि चिखलात उतरली. सिल्वांनं ठेवलेली वीट उचलून तिनं भिंतीवर बसवली. मग दुसरी. "बघताय काय?" ती ओरडली. "कोपरे दाबा!" तिच्या मागे बाकीच्या बायका उतरल्या. मेहिटेबलनंही टोपली ठेवली आणि उतरली. सिल्वां शिव्या घालत परत कामाला लागला. शिव्या कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

ओझित वीट बसवताना प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, ही तुझ्यासाठी, ही तुझ्यासाठी. लेकीसाठी घर बांधत असल्यासारखी ती राबत होती. अंगात इतकं बळ कुठून आलं, ते तिलाच कळलं नाही.

पाणी आलं. भिंतीला लागलं, चढलं, हातभर खाली राहून थांबलं. फळी धाडकन मिटली. आतल्या बाजूला ओहोळाचा तळ उघडा पडून राहिला होता आणि त्यात एक थेंब खारं पाणी आलं नाही. इंग्रजांनी टोप्या उडवल्या. एलकानानं ब्लेझला मिठी मारली, आणि ब्लेझनं त्याची पाठ थोपटली, जणू स्वतःच्याच धाकट्या भावाची.

त्या संध्याकाळी ओझितनं मनाला लगाम घातला नाही. पट्टी मिळाली की आधी एक खोली. चूल त्या भिंतीला. लेकीची खाट खिडकीशी. मग तिच्या लक्षात आलं, खाट मोठी हवी. तेओतिस्त आता सोळाची झाली असेल. ब्लेझसारखी उंच झाली असेल तर अजूनच लांब हवी. ती ब्लेझला म्हणाली, "तुझ्या मापाची खाट कर." तो "हो" म्हणाला.

आठवड्यानं कुरणात माणसं जमली. मध्ये मेज, मेजामागे वसाहतीचा कारकून, मेजावर टोपी. काळी, रुंद काठाची. ब्लेझनं ते बांधावरून पाहिलं आणि धावत झोपडीत आला. दाढी केली. ओझितनं धुतलेला सदरा दिला. तिनं स्वतः डोक्याला पांढरा रुमाल बांधला.

"कुणी बोलावलं का?" सिल्वांनं दारातून विचारलं.

"टोपीला कोण बोलावतं?" ब्लेझ म्हणाला. "ती बाहेर आली की जायचं."

"ब्लेझ, मी आधी विचारून येतो."

"चल, येतोयस तर. नाहीतर तुझी काडी दुसरा काढेल."

ते एलकानाच्या मागे रांगेत उभे राहिले. एलकानानं वळून पाहिलं, हसला. त्याला वाटलं, आपल्या बांधाची वाटणी बघायला आले, किती भले लोक. एकेक जण पुढे जात होता, टोपीत हात घालत होता, चिठ्ठी कारकुनाला देत होता. कारकून मोठ्यानं वाचत होता. एलकानाचा नंबर आला. त्याला ओहोळाकडची जमीन लागली. तो बायकोकडे बघून लाजल्यासारखा झाला.

मग ब्लेझ पुढे झाला. डोक्यावरची टोपी काढली, क्रूसाची खूण केली. ती कॅथलिक खूण पाहून त्या लोकांनी भुवया चढवल्या, पण कुणी काही बोललं नाही. त्यानं ओझितला हात करून जवळ बोलावलं. ती आली. तिनं डोळे मिटले आणि टोपीत हात घातला.

कागद हाताला लागला. तिनं तो बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला. वाचता येत नव्हतं, पण त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते तिच्या हातात होतं. ती ब्लेझकडे बघून हसली.

मागे कुणीतरी खो खो हसलं, आणि त्याला कुणीतरी गप्प केलं.

कारकून वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती. त्यानं हळूच तिच्या बोटांतून चिठ्ठी सोडवली, घडी नीट केली, परत टोपीत टाकली आणि टोपी हलवली.

"काय झालं?" ब्लेझनं विचारलं. "चूक झाली का? मी काढायला हवी होती का?"

एलकाना लालबुंद झाला होता. तो घाईघाईनं काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय तो?"

सिल्वांनं ओठ चावले. "म्हणतोय... काम फार छान झालं."

"ते मला माहीत आहे. चिठ्ठीचं काय म्हणतोय?"

"ब्लेझ, चल घरी."

"त्याला विचार. मी चिखलात नव्हतो का? माझी बायको नव्हती का? त्याच्या शेजारी उभी होती. विचार त्याला!"

सिल्वांनं विचारलं. एलकाना खाली बघत खूप वेळ बोलला, आणि सिल्वांनं त्याचं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, "तो म्हणतो, होतात. दोघंही होतात. देव साक्षी आहे. पण टोपीत फक्त त्यांची नावं आहेत."

ब्लेझनं आपली टोपी डोक्यावर चढवली आणि चालू लागला. रांगेतल्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. मेहिटेबल एप्रनमधला चीजचा तुकडा घेऊन चार पावलं त्याच्यामागे आली आणि मग तशीच उभी राहिली.

झोपडीत ब्लेझ भिंतीकडे तोंड करून बसला. ओझितला त्याला बोलायचं होतं. तुझ्या रितीनं माझी लेक घालवली, असं म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही. पण विटा तिनंही लावल्या होत्या, आणि टोपीत हात तर तिचाच होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला रडू आलं. तो रडला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "टोपी तीच, समुद्र तोच. मग चुकलं कुठं गं?" तिनं डोक्याचा पांढरा रुमाल सोडला आणि घडी घालून ठेवला.

शिपाई दोन दिवसांनी आले. बांध पुरा होईपर्यंतच मुभा होती, सार्जंटनं सांगितलं. किल्ल्यावरचे सगळे अकादी कैदी जहाजानं बॉस्टनला.

"आणि बॉस्टनहून?" सिल्वांनं विचारलं.

"ते बॉस्टनवाले बघतील."

"बघतील म्हणे," सिल्वां ओझितला म्हणाला. "वहिनी, आपण म्हणजे पावसातला पाहुणा. ज्याच्या दारात जाऊ तो शेजाऱ्याचं दार दाखवणार." त्याला स्वतःलाच हसू आलं नाही.

एलकाना सार्जंटशी बराच वेळ हुज्जत घालत होता. निदान पुढच्या उधाणापर्यंत ठेवा, बांध फुटला तर? सार्जंटनं विचारलं, फुटेल का? आणि एलकाना खोटं बोलू शकला नाही. बांध फुटणार नव्हता, हे त्याला ब्लेझनंच शिकवलं होतं.

शिपाई झोपड्या रिकाम्या करून घेत होते तेवढ्यात ओझितनं सिल्वांचा दंड धरला आणि त्याला ओढतच एलकानाच्या घराकडे नेलं. आजवर ती त्या दाराशी पावासाठी उभी राहायची, उंबरा कधी ओलांडला नव्हता. आजही ओलांडला नाही. मेहिटेबल पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"तिला सांग," ओझित म्हणाली, "एक मुलगी येईल. या बांधावरून येईल. कधी येईल माहीत नाही. तिला सांगायचं, आई बॉस्टनला गेली. तिथून पुढं कुठं नेलं तर मी निरोप ठेवीन. तिला सांगायचं, आई इथंच बसली होती, तुझी वाट बघत. आपल्या मनानं गेली नाही. हे नक्की सांगायचं."

सिल्वांनं सांगितलं. मेहिटेबलनं पहिल्यांदा ओझितच्या डोळ्यांत पाहिलं. मग काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, ओळखायची कशी?"

ओझितनं तोंड उघडलं. समोरचे दोन दात नाहीत... पण दात केव्हाच आले असतील. इतकी उंच... तिनं हात कमरेशी नेला, आणि तो हात तिथंच राहिला. केस? लहानपणी पिंगट होते. आवाज? सात वर्षांत तिनं लेकीचा चेहरा रोज आठवला होता, आणि तो चेहरा आता जगात कुठंच नव्हता. उद्या ती समोरून गेली तर आपल्यालाही कळणार नाही. हे तिला त्या दारात, त्या क्षणी कळलं.

"नाव," सिल्वां हळूच म्हणाला. "वहिनी, नाव सांग. नाव तर तेच असेल."

"तेओतिस्त."

"तिओ... टिस्ट," मेहिटेबल म्हणाली.

"नाही. ते-ओ-तिस्त."

"टेओ... टीस."

"नाही गं बाई! असं म्हटलंस तर ती वळूनसुद्धा बघणार नाही. माझ्या ओठांकडे बघ. ते."

"टे."

"ते!"

अंगणातून शिपाई हाक मारत होता. दोघी तशाच समोरासमोर उभ्या होत्या, एकीच्या हाताला पीठ आणि दुसरीचे हात रिकामे. एक म्हणत होती, दुसरी मागून म्हणत होती. मेहिटेबलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबत नव्हती. शिपायानं येऊन ओझितच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही नाव अजून नीट आलं नव्हतं.

होड्या ओहोळाच्या तोंडाबाहेरून निघाल्या, जहाज खाडीत उभं होतं. पाणी उतरत होतं, आणि उघाडीच्या फळीला ढकलून शेतातलं गोडं पाणी बाहेर येत होतं, ब्लेझनं केलं होतं तसंच. त्यानं तिकडे पाहिलं नाही. ओझित बांधाकडे पाहत होती. पांढरी टोपी घातलेली एक बाई बांधावर धावत आली, अगदी कडेला थांबली, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली.

"टेओटिस्ट!"

ओझित होडीत उभी राहिली. ब्लेझनं तिची कंबर धरली.

"ते!" ती ओरडली. "ते-ओ-तिस्त!"

"टे-ओ-टिस्त!"

"तिस्त बरोबर! आता ते! ते म्हण!"

वल्ही चालत होती. बांधावरची बाई पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली. ओझित प्रत्येक वेळी सांगत होती. होडी खाडीच्या मध्यावर आली, वारा आडवा झाला, आणि नाव ऐकू येत राहिलं, पण ती ते बरोबर म्हणतेय की चूक, हे कळेनासं झालं.